टोपणाच्या आतली बाजू

प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी थांबलेला माणूस पेन उचलतो आणि कागदावर टेकवायच्या आधी नाकाला लावतो. सात वर्षांत याला अपवाद पाहिलेला नाही. बायका जरा अंतरावरून वास घेतात, पुरुष थेट नाकाला टेकवून. मग ते पेन खाली ठेवून दुसरं उचलतात, आणि मी मांडीवरच्या मऊ फडक्याने पहिलं पुसून घेते, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. पालघरला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, “अत्तर कुठलं लावता?” मी म्हटलं, अत्तर नाही, लाकडाचाच वास आहे. “असं सगळेच सांगतात,” ते म्हणाले. तरी दोन पेनं घेऊन गेले.

समोरासमोर बोलणं मला जमत नाही. त्यामुळे अशा लोकांना द्यायची उत्तरं माझ्याकडे बरीच साठलेली आहेत. लिहायला बसल्यावर कळतंय की त्यातली बहुतेक एकाच पेनापाशी येऊन थांबतात.

आमचा गाळा बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला. एका बाजूला पावडर कोटिंगवाले, दुसऱ्या बाजूला खोके बनवणारे. मधल्या अरुंद गाळ्यात दामूकाकांचा लेथ. काका शिरगावचे. तीस वर्षं वसाहतीतल्या एका कारखान्यात टर्नर होते, लोखंडाचे जॉब करायचे. कारखाना बंद पडल्यावर त्यांनी जुना लेथ विकत घेतला आणि लाकूड कातायला सुरुवात केली. असं का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. “तीस वरसं जेवताना हाताला तेलाचा वास,” ते म्हणाले. “म्हनलं, आता जरा बरा वास येऊ दे.”

मी त्यांच्याकडे पत्रं लिहायला आले. परगावच्या ग्राहकांना इंग्रजीत उत्तरं द्यायची होती, आणि मी अणुऊर्जा प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. वडिलांनी कुणाकडून तरी निरोप आणला. रोज दोन पत्रं असायची. उरलेला वेळ मी काकांच्या मागे ठेवलेली कातलेली पेनं बघत बसायची. आठवड्याभराने त्यांनी माझ्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा दिला. “नुसती बसू नको, बाय. घास.” तेव्हापासून घासतेच आहे.

काम साधं आहे. चंदन, देवदार, कापराचं लाकूड, कधी शिसव. लाकडाचा चौकोनी तुकडा काका लेथवर गोल करतात, आतून पोखरतात आणि माझ्याकडे सरकवतात. मग मी आधी खरखरीत कागद घेते, एकशेऐंशी नंबरचा. मग तीनशेवीस, चारशे, सहाशे, असं करत दोन हजारपर्यंत. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवून जातो. शेवटच्या कागदाचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्याला आपण गुळगुळीत म्हणतो. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे फडक्याने तीन-चार हात, आणि शेवटी मेण.

अडचण इथेच येते. चकाकी आणि वास यांचं पटत नाही. लाखेचा प्रत्येक हात म्हणजे लाकडावर बसवलेलं एकेक झाकण. जितकं पेन झळकतं, तितका वास आत कोंडतो. काहीच लावलं नाही तर वास मोकळा राहतो, पण महिन्याभरात हाताच्या घामाने पेन काळं पडतं. लोकांना दोन्ही हवं असतं. यावर काकांनी काढलेला तोडगा माझ्या मते फार हुशारीचा आहे. बाहेरून पेनाला काय हवी ती चकाकी द्यायची, पण टोपणाच्या आतल्या बाजूला हात लावायचा नाही. तिथे पितळी नळी नाही, लाख नाही, मेण नाही. कोरं लाकूड. टोपण बंद असेपर्यंत वास आत साठतो आणि फिरवून उघडलं की बाहेर येतो. ग्राहकाला वाटतं अख्खं पेन घमघमतंय. आत कोणी बघत नाही.

चंदन कातायला घेतलं की शेजारच्या गाळ्यांतली कामगार मुलं दारात येऊन उभी राहायची. “दीदी, आज पूजा है क्या?” मी मान हलवायची. काका म्हणायचे, “पूजा नाय रे, काम हाय. तुमी पन करा.”

तर ही आतली कोरी बाजू. एका पावसाळ्यात नाशिकच्या एका डॉक्टरांचं पेन परत आलं. दमट हवेने टोपण फुगून अडकलं होतं, जोर लावून उघडताना शाई आत सांडली होती आणि कोऱ्या लाकडाने ती पिऊन टाकली होती. डॉक्टरांची चिठ्ठी सभ्य होती, म्हणून जास्त लागली. मी इंटरनेटवर परदेशातले लोक काय करतात ते पाहिलं. ते आतून पातळ सीलर लावत होते. सीलर म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारं द्रव. काडीला कापूस गुंडाळायचा, आधी थिनरने आतलं तेल पुसायचं, मग सीलरचे दोन फेरे. पाच मिनिटांचं काम. टोपण फुगत नाही, शाई मुरत नाही. वास कमी होतो, पण मला वाटलं, थोडासाच.

काकांना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते, आणि मला त्यांच्याशी वाद घालता आला नसता. न सांगणं सोपं होतं. सात महिने मी प्रत्येक टोपण आतून सील करत होते. हाताला सवय झाली होती.

त्याच हिवाळ्यात वर्षाताई आल्या. पालघरजवळ कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयात नोकरी, पन्नाशीच्या आसपास, डोळ्यांवर चष्मा आणि खांद्यावर जड पर्स. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं चंदनाचं खोड काढलं. देवपूजेला गंध उगाळतात ते. एका टोकाला उगाळून उगाळून तिरपं झालेलं, जेमतेम चार बोटं उरलेलं, बाजूला कुंकवाचे डाग.

“माझ्या वडिलांचं,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं रोज उगाळायचे. ते गेल्यापासून कोणी उगाळत नाही. भाऊ डबीतलं तयार गंध वापरतो. याचं पेन होईल का?”

काकांनी खोड हातात घेऊन फिरवलं, नखाने टोकरून पाहिलं. “ताय, याच्यात एकच टोपन निघंल. खालचा भाग दुसऱ्या लाकडाचा करावा लागंल.”

“चालेल. मला लिहायचं नाहीये. सह्या करायला ऑफिसचं पेन आहे. उन्हाळ्यात मला घामोळं यायचं, तेव्हा बाबा याचंच गंध पाठीला लावायचे. त्यांच्या बोटांना दिवसभर हा वास असायचा. मला फक्त टोपण उघडायचंय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “ऐकलंस ना?” मी हो म्हटलं. ऐकलं होतंच.

ते टोपण कातायला काकांनी अर्धा दिवस घेतला. एरवी तासाभरात होतं. दर दोन मिनिटांनी लेथ थांबवून हात लावून बघत, गरम झालं का. कातून झाल्यावर माझ्याकडे सरकवताना म्हणाले, “दुसरी वेळ नाय याला.”

मी बाहेरून घासलं, लाखेचे हात दिले, मेण लावलं. खोडावरचा कुंकवाचा एक डाग इतका खोल मुरला होता की कातल्यावरही टोपणावर उरला होता. तो काढावा की ठेवावा, यावर बराच वेळ घालवला आणि ठेवला. मला त्या निर्णयाचा अभिमानही वाटला. मग काडीला कापूस गुंडाळला, थिनरने आतून पुसलं आणि सीलरचे दोन फेरे दिले. तेव्हा मी दुसऱ्या कसला तरी विचार करत होते. कसला, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी डबीत ठेवण्याआधी टोपण उघडलं आणि नाकाला लावलं. सीलरचा वास आला. वाटलं, अजून वाळलं नसेल. तिसऱ्या दिवशीही तेच. बोईसरला संध्याकाळच्या हवेत नाकावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. वारा वसाहतीकडून असला की सगळ्यालाच एक आंबट वास असतो, आणि इथे राहणाऱ्यांना तो येईनासा झालेला असतो. मी स्वतःला सांगितलं, दोष हवेचा आहे. शनिवारी दुपारी पेन घेऊन बसने शिरगावला गेले. किल्ल्याच्या पुढे वाऱ्यात उभं राहून टोपण उघडलं. समुद्राचा वास आला, आणि सुकत घातलेल्या मासळीचा. टोपणाचा असा काहीच नाही.

घरी येऊन आईसमोर धरलं. “कसला वास येतोय?”

आई मेथी निवडत होती. तिने मान पुढे केली. “नेलपॉलिशचा. का गं?”

सोमवारी काका यायच्या आधी मी गाळ्यात जाऊन बसले. ते आले, चप्पल काढली, पंखा लावला. मी टोपण त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, “आतून सीलर लावलाय.”

त्यांनी टोपण उचललं, वास घेतला, परत ठेवलं. “याला एकालाच?”

“नाही. सगळ्यांना.”

“कवापासून?”

“पावसाळ्यापासून. डॉक्टरांचं पेन परत आलं तेव्हापासून.”

शेजारी कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला. काका ओरडतील असं वाटत होतं, किंबहुना ओरडावं असं वाटत होतं. ते म्हणाले, “मी टोपनं उघडून बघायचं सोडलं होतं. म्हनलं, ही हाय ना.”

सात वर्षांत मला कुणी याहून कठोर बोललेलं नाही.

“आता?” मी विचारलं.

“मशीनवर आतून परत पोखरलं तं फुटंल. भिंत दीड मिलिमीटर हाय. हातानं घासावं लागंल, काडीवर कागद गुंडाळून. तरी फुटू शकंल. थिनर किती खोल गेलाय, ते बी ठाव नाय.” टोपण त्यांनी माझ्याकडे सरकवलं. “पन आदी तिला विचार. लाकूड तिच्या बापाचं हाय.”

“तुम्ही फोन कराल का?”

“लावला कोनी सीलर?”

फोनवर मला जमलं नसतं. मी कोळगावला गेले. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, चार वाक्यं. मुख्यालयाच्या इमारतीसमोर बाकावर बसून ती दोनदा वाचली. वर्षाताई जेवणाच्या सुट्टीत खाली आल्या, चेहरा आनंदी. त्यांना वाटलं पेन द्यायला आलेय. मी कागद न काढताच सगळं सांगून टाकलं, बहुतेक उलटसुलट क्रमाने.

त्यांनी टोपण घेतलं. वास घेतला नाही, नुसतं हातात धरलं.

“म्हणजे बाबांचा वास पुसून टाकलात तुम्ही.”

“वरचा थर गेलाय. खाली असेल. घासून पाहता येईल, पण घासताना टोपण फुटू शकतं.”

“फुटलं तर?”

“तर काहीच राहणार नाही.”

आजूबाजूने डबे घेतलेले लोक जात होते. एकीने विचारलंही, “वर्षा, येतेस ना?” त्यांनी हाताने पुढे व्हायला सांगितलं. मग मला म्हणाल्या, “तुम्ही हे लपवूही शकला असतात. मी म्हटलं असतं, जुनं लाकूड, उडाला असेल वास.”

शनिवारपर्यंत माझा तोच विचार होता.

“रविवारी येते,” त्या म्हणाल्या. “घासायचं तर माझ्यासमोर. फुटलं तरी समोरच फुटू दे.”

रविवारी गाळ्यात आम्ही तिघंच होतो. काकांनी बांबूची काडी माझ्यासाठी तासून ठेवली होती, टोपणात सैल बसेल इतकी बारीक. मी तिच्यावर एकशेऐंशीचा कागद गुंडाळला. टोपण डाव्या हाताच्या मुठीत सगळीकडून धरायचं, म्हणजे भिंतीला आधार राहतो, आणि काडी फिरवायची. जोर लावायचा नाही. पहिली वीस मिनिटं पांढरट, चिकट भुकटी पडत होती. तिला कसलाच वास नव्हता. कागद चिकटून भरला की बदलायचा. मी चार कागद बदलले. एकदा बारीकसा आवाज झाला आणि माझा हात थांबला. काकांनी टोपण घेतलं, उजेडात फिरवून पाहिलं. “काडीचा आवाज हाय. चालू दे.”

पाचव्या कागदावर भुकटीचा रंग बदलला. पिवळसर झाला. वर्षाताई स्टुलावर बसून फोनमध्ये बघत होत्या. त्यांनी मान वर केली.

“आला,” त्या म्हणाल्या.

मला तेव्हा आला नव्हता. माझ्या नाकात अजून सीलर होता. मी टोपण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटले वगैरे नाहीत. चष्मा वर सरकवला, वास घेतला, थोडं लांब धरलं, परत घेतला. एखादी फाईल तपासावी तशा.

“असा नव्हता,” त्या म्हणाल्या. “जवळचा आहे, पण असा नव्हता. तो ओला होता.”

“त्यात सहाणेवरचं पानी होतं, ताय,” काका म्हणाले. “आनि त्यांचा हात होता. ते पेनात कुठून येनार?”

वर्षाताई हसल्या, थोड्याशा. मग विचारलं, “हा तरी टिकेल?”

खरं ते सांगायचं ठरवलं होतं. “थिनरने बरंच तेल गेलंय. दोन-तीन महिन्यांनी वरचा थर सुकेल आणि वास येईनासा होईल. मग आतून थोडं घासलं की परत येईल.”

“म्हणजे उगाळत राहायचं,” त्या म्हणाल्या.

टोपण त्यांनी पेनावर लावलं आणि रुमालात गुंडाळून नेलं. माझ्याविरुद्ध एक शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र कितीतरी दिवस मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते.

त्या सात महिन्यांत गेलेल्या बाकीच्या पेनांचं काय, हे मी काकांना विचारलं होतं. “ज्याला वास कमी वाटंल तो परत पाठवंल,” ते म्हणाले. एकही परत आलं नाही. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकांनी मात्र त्या सोमवारपासून प्रत्येक टोपण उघडून बघायला सुरुवात केली. माझ्यासमोर, काही न बोलता. मी डबी पुढे करायची, ते टोपण फिरवून उघडणार, वास घेणार, बंद करून ठेवणार. सुरुवातीला मला ते रोजची शिक्षा वाटायचं. पुढे कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, मी त्याची वाट बघू लागले. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला आणि ते शिरगावला घरी बसले. लेथ आता एक नवे टर्नर चालवतात. काम नीटनेटकं आहे, मापं अचूक. टोपणं मीच घासते, मीच लाख देते, आतली बाजू कोरी ठेवते, डबीत घालते. माझ्यानंतर ती कोणी उघडत नाही. कधीकधी मी डबी टेबलाच्या पलीकडच्या कडेला, काका बसायचे तिथे सरकवते आणि थोडा वेळ तशीच ठेवते.

वर्षाताई येत राहिल्या. दर तीन-चार महिन्यांनी, सुट्टीच्या दिवशी, पालघरहून. मी काडीवर कागद गुंडाळून आतून तीन फेरे द्यायची. वास यायचा. त्या तो घ्यायच्या, दोन मिनिटं स्टुलावर बसायच्या, वडिलांचं काहीतरी सांगायच्या. कारखान्याची बस चुकायची वेळ आली तरी पूजा केल्याशिवाय ते निघायचे नाहीत, असलं काही. सहाव्या-सातव्या खेपेनंतर मी तीनचे दोन फेरे केले, त्यांना न विचारता. मग माझं मलाच आठवलं आणि सांगून टाकलं, “आजपासून दोनच देते. भिंत पातळ होत चाललीय.”

“द्या दोनच,” त्या म्हणाल्या.

गेल्या महिन्यात आल्या तेव्हा मी टोपण हातात घेतलं आणि कागद गुंडाळायच्या आधी खिडकीकडे धरलं. एका बाजूला भिंतीतून उजेड दिसत होता, लालसर, पापणी मिटून उन्हाकडे पाहावं तसा. मी त्यांनाही दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

“अजून किती वेळा होईल?”

“दोनदा. फार जपून केलं तर तीनदा.”

त्यांनी हात पुढे केला. मी टोपण दिलं. ते त्यांनी पेनावर ठेवून सावकाश फिरवलं, आटा पूर्ण बसेपर्यंत.

“मग आज नको,” त्या म्हणाल्या. “तसंही मी सहजच आले होते. बोईसरला दुसरं काम होतं.”

बोईसरला त्यांचं दुसरं काहीच काम नव्हतं. मी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, गाळ्याला कडी घातली आणि रिक्षा मिळेपर्यंत त्यांच्याबरोबर रस्त्यावर उभी राहिले.